हाड कोण जोडतं?

ऑक्टोबर छाटणीत द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलवर हात आपटला आणि करंगळीमागचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. हाड फारसं सरकलेलं नव्हतं, मूठ वळवताना बोट शेजारच्या बोटावर चढत नव्हतं. ऑपरेशन नको म्हणाले. करंगळी-अनामिका एकत्र धरून कोपराखालपर्यंत स्प्लिंट बांधली.

कवठे महांकाळला आल्यावर आई म्हणाली, "महांकालीनं सांभाळलं." मी विचारात पडलो. डॉक्टर फक्त जागा धरून देतात. मोडल्या ठिकाणी साकळलेल्या रक्तातून नवं हाड शरीरच घडवतं. सुश्रुतानंही पळसाच्या, बांबूच्या सालींच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या. गीतेचा चौथा अध्याय अकर्मात कर्म पाहायला सांगतो. हात न हलवणं हे केवढं कर्म आहे, ते शेतकऱ्यालाच विचारावं!

आई म्हणते, असं जुळून येणारं शरीर देवीनंच दिलं. यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.