सामाईक विहीर, वेगळे पाट

नागावपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये वाटणीची एक रीत आहे. भावाभावांत जमीन वाटतात, माड मोजून घेतात, पोफळींच्या रांगा पावलांनी मापून खुणेचे दगड पुरतात. ओसरीत भिंत उभी राहते आणि एका घराची दोन घरं होतात. विहीर तेवढी वाटत नाहीत. ती सामाईक राहते. वाटली जाते ती पाण्याची पाळी: पहाटे कुणी रहाट धरायचा, दुपारी कुणी, रात्री कुणी.

आजोबांच्या वाटणीत आमच्याकडे पहाटेची पाळी आली, धाकट्या चुलत आजोबांकडे मध्यरात्रीची. कागदावर तास सारखेच होते. पण मध्यरात्री कंदील घेऊन शिंपणं करणाऱ्याला ती वाटणी कधीच सारखी वाटत नाही. पुढे त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या काकाने, स्वतःच्या हद्दीत बोअर मारली. पहिली दोन वर्षं पाणी गोड लागलं. मग वैशाखात ते मचूळ होऊ लागलं, आणि मागोमाग विहिरीचंही.

याचं कारण भूगर्भात आहे. किनाऱ्यावरचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर ढोबळ मानाने खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी सापडतं. म्हणजे वरची पातळी फूटभर उतरली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. उथळ, रुंद विहिरीतून रहाटाची गाडगी हळूहळू पाणी उचलतात, तोवर हा तोल टिकतो. खोल नळी घालून पंपाने ओढलं की तो मोडतो.

प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणाऱ्या बँडमधल्या कलावंतांचे एकल अल्बम ऐकताना मला आमची ही विहीर आठवते. कॉलेजसाठी मुंबईला असताना या संगीताचा नाद लागला. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायची आणि पिशवीत मित्रांकडून भरून घेतलेल्या दोन-तीन कॅसेट असायच्या. वाडीत भुताखेतांपेक्षा त्या आवाजालाच घरचे जास्त घाबरत.

हे संगीत १९७०च्या आसपास इंग्लंडमध्ये बहरलं. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून वीस मिनिटांची रचना करायची, ताल मध्येच साडेतीन पावलं टाकून वळवायचा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लोकगीतं एकाच भांड्यात शिजवायची, असा त्याचा बाणा होता. 'येस' या बँडचा १९७२चा 'क्लोज टू द एज' घ्या. अख्ख्या अल्बममध्ये गाणी तीन. पहिलंच अठरा मिनिटांहून लांब, तबकडीची एक बाजू व्यापणारं.

इथेच पाळीचा प्रश्न येतो. त्या काळच्या एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावे. साध्या पॉप बँडच्या तबकडीत बारा गाणी बसत, म्हणून प्रत्येकाचं एखादं तरी लागे. इथे गाणी तीन आणि रचना करू पाहणारी माणसं पाच. पाचहीजण आपापल्या वाद्यात तरबेज, शिवाय स्वतःला संगीतकार समजणारे. शिवाय रचनाकार म्हणून ज्याचं नाव लागे त्याला वेगळं मानधन, नुसतं वाजवणाऱ्याला ते नाही. एकल अल्बम या संगीतात इतके का निघाले, याचं उत्तर अहंकारात शोधायची आपल्याला सवय आहे. मला ते आधी तबकडीच्या लांबीत सापडतं. पाणी कमी आणि शिंपणं मोठं.

काही बँडनी घर न मोडता भिंत घालून पाहिली. पिंक फ्लॉइडने १९६९च्या 'उमागुमा'तली एक तबकडी चौघांत वाटून टाकली. येसने १९७१च्या 'फ्रॅजाइल'मध्ये प्रत्येकाला एकेक छोटी जागा दिली. इमर्सन, लेक अँड पामर या तिघांनी १९७७च्या 'वर्क्स'च्या पहिल्या भागात चार बाजूंपैकी एकेक बाजू आपापल्या नावे करून घेतली आणि चौथी सामाईक ठेवली. मला त्यातली ती चौथीच बाजू पुन्हा लावावीशी वाटते. उरलेल्या तिन्ही बाजू ऐकताना शेजारच्या खोलीत कुणी नाही, हे जाणवत राहतं.

सगळ्यात पद्धतशीर वाटणी येसची. १९७५च्या शरदापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाचही जणांनी आपापला अल्बम काढला: गिटारवादक स्टीव्ह हाउ, बेसवादक ख्रिस स्क्वायर, ड्रमवादक अ‍ॅलन व्हाइट, कीबोर्डवादक पॅट्रिक मोराझ आणि गायक जॉन अँडरसन. जणू पाच भावांनी एकाच हंगामात पाच बोअर मारल्या. हाउच्या 'बिगिनिंग्ज'मध्ये बोटं विलक्षण आहेत, पण गातोही तोच, आणि गळा बोटांइतका तयार नाही. स्क्वायरच्या 'फिश आउट ऑफ वॉटर'ला मी पाचांत सगळ्यात वर ठेवीन. बँडमध्ये ज्याचं बेस गिटार सगळ्यांच्या खालून वाहायचं, तो इथे ऑर्केस्ट्रा घेऊन वर आला. पण नीट ऐकलं तर त्याच्या मागे ड्रमवर बिल ब्रूफर्ड आहे, बँडचा जुना गडी, आणि कीबोर्डवर मोराझच. वेगळा पाट काढला खरा, पाणी जुन्याच विहिरीचं. एकटा अँडरसन खरोखर एकटा राहिला. 'ओलायस ऑफ सनहिलो'मधली सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवली. त्या अल्बममध्ये एक स्वप्न सलग पाहिल्याचं समाधान आहे, आणि त्या स्वप्नातून जागं करणारा कुणी नाही, ही उणीवही आहे.

माझा मुद्दा इथे आहे. बँड म्हणजे पाच गुणी माणसांची बेरीज नव्हे. बँडमध्ये गुणांपेक्षा आडकाठीचं मोल जास्त असतं. अँडरसनला उडायचं असे तेव्हा स्क्वायरचा बेस पाय जमिनीला बांधून ठेवी. एकल अल्बममध्ये 'नाही' म्हणणारा नसतो, आणि बँडमध्ये नेमकं काय होतं ते या नसण्यातून कळतं. भाऊ वेगळा राहायला गेल्यावर घरातलं कोणतं काम तो न बोलता करायचा ते समजतं, तसं.

पण मध्यरात्रीच्या पाळीची तक्रार खोटी नसते. जेनेसिसचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याने १९७५मध्ये, बँडमध्ये असतानाच, 'व्हॉयेज ऑफ द अकोलाइट' काढला. बँडमधलेच फिल कॉलिन्स आणि माइक रदरफर्ड त्यावर वाजवायला आले. आपल्या रचनांना घरात जागा मिळत नाही, असं हॅकेटचं म्हणणं होतं आणि १९७७मध्ये तो बाहेर पडला. त्याच्यानंतरचे जेनेसिसचे अल्बम ऐकले की त्याचं म्हणणं पटतं. एक काळोखं, गारवा देणारं झाड कुणीतरी तोडल्यासारखं वाटतं.

काही बोअरना मात्र भरपूर पाणी लागतं. कॉलिन्सचा १९८१चा 'फेस व्हॅल्यू' असा. त्याच्या यशाने जेनेसिसचंही पाणी बदललं. गाणी आखूड झाली, ओठांवर बसली, लाखोंनी खपली. खारं झालं म्हणणं अन्यायाचं होईल, पण चव एकाची झाली हे खरं.

याहून अवघड प्रकार पिंक फ्लॉइडचा. आमच्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर कर्त्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं सापडतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. १९८३चा 'द फायनल कट' हा अल्बम नेमका उलटा आहे: नाव सगळ्यांचं, जमीन एकाची. सगळी गाणी रॉजर वॉटर्सची, रिक राइट आधीच बाहेर काढलेला. वॉटर्स पुढे बँडमधून गेला आणि नावासाठी वकील उभे राहिले. १९८७मध्ये त्याच नावाने आलेल्या अल्बममध्ये सूत्रं डेव्हिड गिलमरकडे होती. एकल अल्बमने बँडला जितका धोका होतो, त्याहून जास्त सामाईक नावाखाली दडलेल्या एकल अल्बमने होतो. उघडपणे वेगळं होणारा निदान हद्दीचा दगड तरी दाखवतो.

आपल्या रंगभूमीला हे नवं नाही. १९१३मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. आठ वर्षांनी, १९२१मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, तेव्हा लोक लोटले ते दोन गळे समोरासमोर ऐकण्यासाठी.

आपल्या देशातलं मला सगळ्यात जवळचं उदाहरण दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चं. त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणा, फ्यूजन म्हणा. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती यांनी १९९०मध्ये बँड उभा केला. नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेला राहुल राम बेस घेऊन आला, मग ड्रमवर अमित किलम. 'कांदिसा' हा त्यांचा २०००चा अल्बम. पण या किनाऱ्यावरच्या माणसाला ते ओळखीचे झाले 'ब्लॅक फ्रायडे'मुळे. फेब्रुवारी १९९३मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले. २५७ माणसं गेली. त्यावरचा अनुराग कश्यपचा चित्रपट बरीच वर्षं अडकून २००७मध्ये पडद्यावर आला. त्याचं संगीत इंडियन ओशनचं. 'बंदे' ऐकताना मला दरवेळी शेखाडीची ती वळणाची वाट आणि खालचा शांत समुद्र दिसतो. चौघांपैकी कुणा एकाला ते गाणं साधलं असतं असं वाटत नाही. त्यातला राग एकाचा नाही.

डिसेंबर २००९मध्ये असीम गेला. दिल्लीतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करत, त्याच्या पत्त्याचंच नाव '१६/३३० खजूर रोड' या पुढच्या अल्बमला दिलं. महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर फुकट. त्यात असीमचा आवाज आहे. त्याच्या जागी दोन माणसं यावी लागली: एक गायला, एक तबल्याला. २०११मध्ये सुस्मितचा एकल अल्बम आला, 'डेप्थ्स ऑफ द ओशन'. २०१३मध्ये त्याने बँड सोडला. नंतरच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही 'ओशन टू ओशन'. घर सोडलं, आडनाव सोडलं नाही. त्याच्या अल्बममध्ये गिटार मोकळी चालते, हवी तिथे थांबते, आलापासारखी मागे वळून पाहते. बँडमध्ये तिला इतका वेळ कधी मिळाला नव्हता. आणि तरी ऐकता ऐकता माझा कान तिसऱ्या मिनिटाला तबल्याच्या थापेची वाट पाहू लागतो. हा दोष सुस्मितचा नव्हे. वीस वर्षांच्या शेजाराने माझ्या कानाला ही सवय लावली.

म्हणून एकल अल्बमला फितुरी म्हणणाऱ्यांत मी नाही, आणि त्याला मुक्ती म्हणणाऱ्यांतही नाही. मध्यरात्रीची पाळी ज्याच्या नशिबी सतत येते त्याने दुसरीकडे खणावं, हा त्याचा हक्क आहे. नंतर तो रहाटाशी परत येतो का, आणि येताना काय आणतो, यावर बरंच अवलंबून आहे. पाच अल्बम काढून झाल्यावर येस पुन्हा एकत्र बसले, मोराझच्या जागी रिक वेकमन परतला, आणि १९७७मध्ये 'गोइंग फॉर द वन' आला. त्यातलं पंधरा मिनिटांचं 'अवेकन' ऐका. अँडरसनचं स्वप्न त्यात आहेच, पण आता त्याला हाउ अडवतो, स्क्वायर खाली खेचतो, आणि त्या ओढाताणीतूनच ते वर चढतं. वेगळं राहून आल्यामुळे प्रत्येकाला आपलं पाणी किती, ते कळलेलं होतं.

आमच्याकडे पावसाच्या तोंडावर विहिरीचा गाळ काढतात. त्या दिवशी कुणाचीच पाळी नसते. काकाची बोअर अजून आहे, दुरुस्तीला महाग आणि बुजवायला जड. पण गेल्या वैशाखात गाळ काढायला तो सगळ्यांच्या आधी आला आणि दोर कमरेला बांधून स्वतः खाली उतरला. वरून आम्ही टोपल्या ओढत होतो. दुपारी तळाशी झरा मोकळा झाला, तेव्हा त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, क्षणभर थांबला आणि खालूनच ओरडला, "गोडं आहे रे!"