अंबामाय, गाठी मोजून घे

अंबामाय, साडेआठ झालेत. गांधी चौकातली दुकानं अजून अर्धीच उघडलीत. मी पाळणाघरातली लेकरं याच वेळेला बाहेर काढते. दहानंतर आपल्या अमरावतीचं डांबर चपलेतूनही भाजतं, आणि पोट्ट्यांच्या चपला मायबापांनी पुढच्या वर्षाच्या मापाच्या घेतलेल्या. चालताना निसटतात. निसटली की लेकरू खाली वाकतं, आणि वाकलेलं लेकरू गाडीवाल्याला दिसत नाही.

फार काही मागत नाही. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्यात, एका गाठीला एक लेकरू. पुढे मी, शेवटी मदतनीस मावशी, आणि लेकरं भिंतीच्या बाजूनं. दारात मोजते, वळणावर मोजते, रस्ता ओलांडला की मोजते, तुझ्या पायरीशी पुन्हा मोजते. तेही नावं घेऊन. एकदा नुसते आकडे मोजले होते. बारा निघाले, बाराच भरले. पण त्यातलं एक शेजारच्या गल्लीतलं, गंमत म्हणून रांगेत घुसलेलं. आमचं लेकरू मागे रसवंतीपाशी चरकाच्या घुंगरांकडे टक लावून उभं. चार मिनिटं गेली असतील. त्या चार मिनिटांत मी तुझं नाव घेतलं नाही, त्याचंच घेत धावले. त्याबद्दल राग धरू नको.

बाहेर नेताच कशाला, असं एका लेकराच्या आजीनं विचारलं. तिला मी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं सांगितलं. त्या लग्नानंतर याच अमरावतीत राहत होत्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. माझ्या लेकरांना अंगणच नाही, माय. दोन खोल्यांचं पाळणाघर. शेळी, पिंपळ, कल्हईवाला, सगळं त्यांना रस्त्यावरच भेटतं. म्हणून नेते, आणि नेताना पोटात गोळा येतो.

तुझ्याच देवळातून श्रीकृष्णानं रुक्मिणीला नेलं, असं आपल्याकडे सांगतात. पण तिनं स्वतः निरोप धाडला होता, कोण येणार ते तिला ठाऊक होतं. माझ्या लेकरांना चॉकलेट दाखवणारा कोणीही काकाच वाटतो. त्या वेळी त्यांना मोठ्यानं ओरडायची आठवण दे.

गाडीवाल्याला वळणावर ब्रेक आठवू दे. ई-रिक्षा आवाज न करता मागून येते, तिच्या चालकाला आमची दोरी लांबूनच दिसू दे. नालीवरची फरशी उचलणाऱ्याला ती परत ठेवायची बुद्धी दे. संक्रांतीच्या दिवसांत मांजा आमच्या वाटेवर लोंबकळू देऊ नको. आणि हिवाळ्यात वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग दाखवायला नेते, तेव्हा कोरडी गेलेली एखादी बोअर पोत्याखाली लपलेली नसू दे. झाकण लावा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय. आता तू सांगून बघ.

अकोल्याची माझी बहीणही हेच काम करते, राजराजेश्वराच्या देवळाजवळ. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात, त्या दिवशी ती दाराला आतून कडी लावते आणि लेकरांना काठी नि दोन तांबे देऊन घरातच कावड खेळायला लावते. मला ते पटतं. सगळंच बाहेर नेऊन दाखवायचं नसतं. तिच्यावर राजराजेश्वराची नजर आहेच, तरी तुमचं आपसांत बोलणं होत असेल तर माझा शब्द टाक.

लेकरांना राखायचं काम माझं आहे, ते तुझ्यावर ढकलत नाही. फक्त मोजताना फोन वाजला तर मला तो उचलू देऊ नको.

आज चौदा लेकरं निघालीत, मी आणि मावशी धरून सोळा. दोरीची पंधरावी गाठ रिकामी आहे. ती पोरगी तापानं घरी पडलीय, तिच्याकडेही जरा बघ.