सोडवणूक कोणाची?

आपल्या मराठीत ‘तारण’ हा एकच शब्द दोन ठिकाणी राबतो. वेदीसमोर आपण तो उच्चारतो तेव्हा ख्रिस्ताने आपल्यासाठी मिळविलेली मुक्ती मनात असते. पतपेढीच्या खिडकीपाशी तोच शब्द कर्जापोटी ठेवलेल्या दागिन्याचा होतो. हा निव्वळ भाषेचा योगायोग मानून आपण पुढे जातो. पण दुसऱ्याची गहाण वस्तू आपल्या पैशाने सोडविण्याचा प्रसंग घरात येतो, तेव्हा हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकतात.

प्रसंग नेहमीचाच असतो. विधवा बहिणीने मुलाच्या शिक्षणासाठी बांगड्या गहाण टाकलेल्या असतात. व्याज चढत जाते, लिलावाची नोटीस येते आणि भाऊ धावतो. तो पैसे भरतो, बांगड्या सोडवतो आणि आपल्या कपाटात ठेवतो. “तुझ्याकडे राहिल्या तर पुन्हा जातील,” असे तो म्हणतो. त्याचा हेतू वाईट नसतो. तरीही आम्ही विचारतो, बांगड्या सुटल्या का? सावकार बदलला, एवढेच झाले. पहिल्या सावकाराला निदान पावती तरी द्यावी लागत होती.

वस्तू गहाण ठेवल्याने मालकी जात नाही, हे आपला 1872 चा करार कायदाही मानतो. पैसे भरणाऱ्याने मोफत देण्याच्या हेतूने ते केले नसेल, तर ज्याला लाभ झाला त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क त्या कायद्याच्या 70 व्या कलमात आहे. म्हणजे भावाने पैसे परत मागितले तर त्यात अन्याय नाही. मात्र दान की उसनवारी, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट बोलले गेले पाहिजे. दान म्हणून दिलेले पैसे पुढे प्रत्येक भांडणात उसने ठरतात, हे कोणत्या घराला ठाऊक नाही?

रूथच्या पुस्तकातील चौथा अध्याय या दृष्टीने वाचावा. नामीचे शेत सोडविण्याचा पहिला अधिकार बवाजाहून जवळच्या एका नातलगाचा होता. शेत मिळणार म्हणताच तो तयार झाला. शेताबरोबर रूथची जबाबदारी आणि मृताचे नाव चालविण्याचे कर्तव्यही येते, हे कळताच आपल्या वतनाला धक्का लागेल असे सांगून तो मागे सरला. त्याला लबाड म्हणता येणार नाही. त्याने हिशेब केला, इतकेच. बवाजही हिशेब जाणणारा शेतकरी होता. परंतु ज्याला सोडवायचे ते शेत नसून त्यामागची माणसे आहेत, हे त्याने ओळखले.

ख्रिस्तसभेनेही या प्रश्नात हात घातला आहे. 1462 साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने गरिबांसाठी अल्प आकारणीची गहाणपेढी निघाली. ती अल्प आकारणी म्हणजेसुद्धा व्याजच, असा आक्षेप थोर ईशज्ञान्यांनी घेतला. अखेर 1515 साली पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी कारभाराच्या खर्चापुरते घेणे रास्त ठरविले. अर्धशतक वाद घालायला पंडितांना सवड होती, कर्जदारांना नव्हती!

आता भावाच्या भीतीकडे वळू. ती खोटी नाही. घरात दारुडा मुलगा असेल तर बांगड्या आठवड्यात पुन्हा दुकानात जातील. अशा वेळी त्या बहिणीच्याच नावाने लॉकरमध्ये ठेवाव्यात, पण तिला विचारून. तिने ‘नाही’ म्हटले तर? तर त्या तिच्या हातात द्याव्यात, असे आमचे मत आहे. पुन्हा सोडविण्यास आपण बांधलेले नाही. पण तिला तिच्याच वस्तूसाठी आपल्या दारी याचना करायला लावण्याचा अधिकारही आपल्याला मिळालेला नाही. कारागिराचे यंत्र किंवा मासेमाराचे जाळे गहाण पडले असेल, तर मात्र इतकाही विचार करीत बसू नये. जात्याची तळी गहाण घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे, असे अनुवादाच्या 24 व्या अध्यायातील नियमशास्त्र मानते.

त्याच अध्यायात एक बारीकसा नियम आहे. गहाण घ्यायला जाणाऱ्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर थांबावे. वस्तू ऋणकोने स्वतः बाहेर आणून द्यावी. वस्तू सोडविणाऱ्यानेही हे पथ्य पाळायला हरकत नाही. पैसे आदल्या दिवशीच बहिणीच्या हाती द्यावेत. पतपेढीच्या खिडकीशी तिने एकटीने जावे, सही करावी, बांगड्या पारखून घ्याव्यात आणि वाटल्यास तिथेच हातात घालाव्यात. भावाने तोवर बाहेरच्या बाकावर बसावे.