जामीन कोण राहणार?

मध्य प्रदेशातल्या जाम नदीकाठच्या सावरगावात घरात मराठी बोलतात आणि शाळा-कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून नवा जिल्हा झाला, तरी हा शिरस्ता बदललेला नाही. त्यामुळे इथल्या वाचकाला ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन्ही वळणे ओळखीची: हिंदी पाठ्यपुस्तकातले एक, मराठी छापील मजकुरातले दुसरे. संगणकाच्या पडद्यावर यांपैकी कोणते वळण उमटावे, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हा ‘कोणीतरी’ पुष्कळदा बिनपगारी स्वयंसेवक असतो. आणि त्याचे काम आपल्यापर्यंत येण्याआधी आणखी एका माणसाने ते वाचून अंगावर घेतलेले असते. मला या दुसऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे, कारण खरी टंचाई त्याची आहे.

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीचे उदाहरण घेऊ. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने हा प्रकल्प जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, आहेत. जगभरचे असंख्य सर्व्हर त्याच्यावर किंवा त्यातून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर चालतात. या भांडारात थेट भर घालण्याचा अधिकार मात्र जेमतेम हजारभर माणसांकडे आहे. बाकीच्यांनी काय करायचे? त्यांनी स्पॉन्सर शोधायचा. इथे स्पॉन्सर पैसे देत नाही, नाव देतो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीला एक मराठी फॉन्ट डेबियनमध्ये आणायचा आहे. मूळ फाइलींच्या शेजारी ती ‘डेबियन’ नावाचा फोल्डर करते. फॉन्ट कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे, तो कसा बांधायचा, कोणत्या आवृत्तीत काय बदलले, हे त्यात एकेका फाइलीत लिहिते. सगळ्यात किचकट असते ती कॉपीराइटची फाइल: कोणता तुकडा कोणाचा आणि कोणत्या परवान्याखाली, याचा चोख हिशेब. ‘लिंटियन’ हे साधन ढोबळ चुका दाखवते. मग ती जाहीर विनंती करते की हे पॅकेज कोणी तपासून घ्याल का. एखादा अनुभवी डेव्हलपर ते उतरवून घेतो, आपल्या यंत्रावर बांधून पाहतो, दहा शेरे मारून परत पाठवतो. दुरुस्ती, पुन्हा शेरे, पुन्हा दुरुस्ती. समाधान झाले की तो आपल्या डिजिटल किल्लीने सही करून पॅकेज पुढे पाठवतो. पॅकेज अगदी नवे असेल, तर आणखी एक चमू परवाने तपासतो. कित्येक विनंत्यांना मात्र उत्तरच येत नाही, आणि नवखा माणूस कंटाळून निघून जातो.

गावच्या सेवा सहकारी सोसायटीत कर्ज काढताना जामीनदार लागतो, तसेच हे. जामीनदार पैसे मोजत नाही, पण त्याची पत पणाला लागते. म्हणून तो आधी माणूस पाहतो, कागद पाहतो, मगच सही करतो.

न वाचता दिलेली हमी किती महाग पडते, याचा धडा डेबियनलाच मिळाला. २००६ मध्ये पॅकेज सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन ओळी वगळल्या, कारण तपासणीचे साधन त्यांवर बोट ठेवत होते. त्याने आधी मूळ प्रकल्पातल्या लोकांना विचारलेही होते. उत्तर ओझरते आले आणि ते होकारार्थी वाटले. परिणाम असा झाला की किल्ल्या घडवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास संपली, आणि एका प्रकारच्या किल्लीसाठी अवघ्या ३२,७६८ शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. विचारणाऱ्याने विचारले होते. नीट वाचून उत्तर देणारा मिळाला नव्हता.

दुसरा प्रसंग मार्च २०२४ चा. एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र असलेल्या साधनाचा सांभाळ लासे कॉलिन हा एकटा, थकलेला स्वयंसेवक करत होता. ‘जिया तान’ नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि अखेर त्या साधनात चोरदार बसवले. ती विषारी आवृत्ती डेबियनमध्ये यावी म्हणून दुसऱ्या एका नावाने रीतसर स्पॉन्सरची विनंतीही आली होती! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना ते सापडले, म्हणून ती स्थिर आवृत्तीत पोचली नाही. यावरून अनोळखी माणसाला दारच बंद करावे, असा निष्कर्ष काढणे चूक. फ्रॉइंडही एक्सझेड प्रकल्पाच्या बाहेरचेच होते. वाचणारे डोळे वाढवणे हाच त्यावरचा इलाज.

आणि मराठीसाठी हे डोळे बाहेरून येणार नाहीत. बर्लिनचा डेव्हलपर परवाना तपासेल, बांधणी तपासेल. ‘दऱ्या’ लिहिल्यावर पडद्यावर ‘दर्या’ तर दिसत नाही ना, हे तो कसे सांगणार? रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले; पुढे त्यांत लोहित मराठी वेगळा काढावा लागला, तो अशाच फरकांपायी. दोन्ही वळणे रोज वाचणारा सावरगावचा, सौसरचा मुलगा या कामाला पुण्या-मुंबईच्या मुलाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच लायक आहे. त्याला प्रोग्रामिंग येत नसले तरी चूक हेरता येते, तिचे चित्र काढून कळवता येते. रिव्ह्यूची पहिली पायरी तीच.

पैशाची बाजू थोडी सुधारते आहे. झिरोधा या शेअर-दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. पण पैसा सहसा लिहिणाऱ्याकडे जातो. वाचणाऱ्याला ना मानधन, ना नाव. आपल्या महाविद्यालयांत अंतिम वर्षाचे प्रकल्प दरसाल नव्याने लिहिले जातात आणि निकालानंतर पडून राहतात. त्याऐवजी दुसऱ्याचे एक पॅकेज नेटाने तपासून, शेरे देऊन, ते भांडारात जाईपर्यंत पाठपुरावा करणे हाच प्रकल्प मानला आणि त्याला गुण दिले, तर काही वर्षांत मराठीच्या कामासाठी सही करू शकणारी माणसे आपल्यातूनच तयार होतील. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत, भारतात प्रथमच, भरली. केरळच्या स्वयंसेवकांनी त्याआधी वर्षानुवर्षे एकमेकांची पॅकेजेस तपासली होती. आपल्यालाही तोच रस्ता मोकळा आहे. फक्त आपले काम दुसऱ्यापुढे ठेवताना संकोच नको, आणि दुसऱ्याचे काम वाचण्याचा कंटाळा नको.