लॅपटॉप साथ देतो का?

मी लॅपटॉप वाजवतो. घरी अजूनही विचारतात, ‘वाजवतो म्हणजे? बटणच दाबतोस ना?’ हा प्रश्न मी बरीच वर्षं हसण्यावारी नेला.

मागच्या गणपतीत एका मंडळाची सुपारी होती. पैसे कमी होते, म्हणून ढोलकीवाल्या काकांना मीच ‘यंदा नको’ म्हणालो. त्यांची ढोलकी माझ्या ट्रॅकमध्ये होतीच, त्यांनीच पूर्वी रेकॉर्ड करून दिलेली. दुसऱ्या अंतऱ्याला गायिका शब्द विसरली. काका असते तर तिच्याकडे बघत तोच ठेका धरून थांबले असते, आणि शब्द आठवल्यावर तिला समेवर आणून सोडलं असतं. ट्रॅक थांबला नाही. उरलेलं गाणं ती त्याच्यामागे धावत राहिली. शेवटच्या ढोलकीच्या तुकड्याला टाळ्या पडल्या. त्या मी मान खाली घालून घेतल्या.

मग दोष यंत्राचा? मला तसं वाटत नाही. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप होते. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. ती शिथिल व्हायला 1971 उजाडलं. पण पेटीवाला गायकासाठी थांबू शकत होता. लॅपटॉप उशिरा वाजतो म्हणावं, तर नीट सेटिंग केल्यावर तो उशीर साधारण 6 मिलिसेकंद असतो. ढोलकीपासून दोन मीटरवर बसलेल्या माणसालाही आवाज पोचायला तेवढाच वेळ लागतो.

मग फसवणूक? ‘ढोलकी रेकॉर्डेड आहे’ असं माइकवर सांगून टाकलं असतं, तर मी प्रामाणिक ठरलो असतो. गायिका मात्र तितकीच एकटी पडली असती. आपण वाजवणाऱ्याला साथीदार म्हणतो. समोरचा अडखळला की ज्याला थांबता येतं, तो साथीदार. त्या रात्री स्टेजवर मी होतो, पण साथीला कुणीच नव्हतं.

आता मी गाण्याचे तुकडे करतो. 2001 मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ते सोपं आहे. मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, सगळं वेगळं. मी पुढचं बटण दाबेपर्यंत आधीचा तुकडा फिरत राहतो. म्हणजे मला गायिकेकडे बघत बसावं लागतं, आणि मी चुकतोही. एकदा अंतऱ्याच्या जागी मुखडा सोडला. ती हसली, आणि तोच मुखडा पुन्हा गायली. लोकांना कळलं असणार.

पण एवढ्याने काकांचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या हातांचा आवाज मी वाजवला आणि मानधन मात्र वाचवलं. हे कुठल्याच सॉफ्टवेअरने दुरुस्त होणार नाही. यंदा त्यांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘मी येऊ, की माझं रेकॉर्डिंग येणारे?’

‘तुम्ही या,’ मी म्हणालो. त्यांचं मानधन माझ्या वाट्यातून गेलं. मागच्या वर्षीचं अजून द्यायचंय.