ताट पुसून खाय

‘ताट पुसून खाय. उद्याचं कोनं पायलं?’ हे माझ्या मायचं बोलणं. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोवर तिनं आम्हाला जगवलं. तेच मी पोराला ऐकवलं, आता तो त्याच्या पोराला ऐकवतो.

बोलणं तेच राहिलं, ताट बदललं. यवतमाळच्या वावरातून ज्वारी हटली, कापूस न् सोयाबीन उरलं. नातवाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. पोट भरलं तरी तो खातो. दहा वर्षांचं पोर, पळताना धापा टाकतं. तिकडं कोलामाच्या पोडावर त्याच्याच वयाच्या पोराच्या बरगड्या मोजून घ्या.

डॉक्टर म्हणतो, दोष आईबापाचा. मला राग आला. पण दोस्तहो, राग आला म्हणून तो खोटा ठरतो काय?

1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपल्या कितीतरी आज्यांनी ते सोडलं. घरात दुसरं काही नसताना सोडलं! पोराच्या तोंडात काय घालायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. 2015 च्या कायद्यानं बैलाचं स्वस्त मटण ताटातून गेलं, ते मात्र आपल्याला न विचारता. सोडणं वेगळं, हिसकावणं वेगळं.

आणि हा बिस्किटाचा पुडा? तो ना आपण ठरवला, ना कुणी जबरदस्तीनं दिला. भुकेच्या भ्यावानं आपणच पोराच्या हाती ठेवला. मायला भूक माहीत होती. नातवाला आम्ही नुसता तिचा भ्याव दिला.

काल त्यानं अर्धी पोळी ताटात ठेवली. बोलणं ओठावर आलं होतं. गिळलं. पोळी मात्र फेकवली नाही, मीच खाल्ली.