संयम आणि दमन

संयम म्हणजे इंद्रियांशी मांडलेले युद्ध, अशी समजूत साधकांमध्येही रूढ आहे. जितका देह कष्टवावा तितके पुण्य अधिक, असे मानून मनुष्य देहाचा छळ करतो, आणि नियमाचा दिवस सरताच त्याच देहाचे लाड पुरवितो. ही समजूत किती सदोष आहे, हे मधुमेहासारख्या व्याधीत विशेष स्पष्टपणे दिसून येते.

रक्तात साखर वाढून राहिली म्हणजे ती देहातील प्रथिनांना चिकटते व त्यांचे स्वरूप पालटते. पेशींतही उपद्रवी द्रव्ये उत्पन्न होतात. देहाची रक्षणव्यवस्था यामुळे चेतते, आणि जखमेभोवती दिसतो त्याच जातीचा, परंतु मंद असा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे धुमसत राहतो. जखम दुखते, म्हणून मनुष्य सावध होतो. हा दाह दुखत नाही. डोळे, मूत्रपिंडे, हृदय, पाय यांना झळ पोचते, तेव्हा कोठे त्याची ओळख पटते.

तेव्हा साखर आवरली पाहिजे, याविषयी दुमत नाही. ती कशी आवरावी, हा खरा प्रश्न होय. इटलीतील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही व्यक्तींच्या रक्तातील साखर एकदा सलग काही तास चढती ठेवली, व एकदा थांबून थांबून चढविली. दाहकारक द्रव्ये दोन्ही वेळा वाढली. पण थांबून थांबून चढविल्याने ती अधिक वाढली. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्तपरीक्षेत असे चढउतार दिसत नाहीत.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टेची खरी. मधुमेही गृहस्थाच्या बाबतीत मात्र ती थट्टा राहत नाही. औषध घेऊन निराहार राहिल्यास साखर धोका होईल इतकी उतरू शकते. आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी पोटात गेली, जी बहुतांशी निव्वळ पिष्ट असते, की ती झपाट्याने चढते. व्रत घडल्याचे समाधान मनाला, आणि दाह देहाला!

दमनाचा अतिरेक वैद्यकानेही करून पाहिला आहे. अमेरिका व कॅनडा येथे १०,२५१ मधुमेही रुग्णांवर ‘अकॉर्ड’ नावाचे परीक्षण झाले. त्यातील एका गटाची सरासरी औषधांच्या जोरावर ६ टक्क्यांखाली आणण्याचा यत्न होता. त्या गटात २५७ मृत्यू घडले, सौम्य उपचारांच्या गटात २०३. म्हणून २००८ साली ते कठोर उपचार थांबविण्यात आले. यावरून साखर मोकाट सोडावी असे कोणी म्हणू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि निराहार ही दोन्ही योगाला प्रतिकूल ठरविली आहेत, हे मात्र येथे आठवावे.

व्याधी ही असंयमाची शिक्षा, असेही कित्येक धार्मिक माणसे रुग्णाला ऐकवितात. ते अन्यायाचे आहे. इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी ज्या बालकाच्या देहात नष्ट होतात, त्याने कोणता असंयम केला? अशाला उपदेशापेक्षा वेळेवर औषध व वेळेवर घास यांचीच गरज असते.

मधुमेही साधकाने उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी औषधाची मात्रा वैद्याला विचारावी, आणि त्याने नको म्हटल्यास नेहमीच्या वेळी नेहमीचा मित आहार घेऊन नामस्मरण करावे. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला व्रतभंग म्हणू नये.